वीस ग्रॅमचा फंडा

ड्राइव्ह झक्कास बसतो, पण चार फुटांचा पट होलला टाटा करून पुढे निघून जातो? नव्या पटरवर पगार उधळण्याआधी हातातल्या पटरचं वजन आणि तोल एकदा तपासून बघा.

गोल्फमधला एक साधा हिशोब तुम्हाला कुणी सांगितलाय का? कोर्सचा पार ७२ असेल, तर त्यातले ३६ फटके पटिंगचे धरलेले असतात. अठरा होल, प्रत्येक होलला दोन पट. म्हणजे निम्मा खेळ त्या हिरव्यागार मखमली तुकड्यावर, शर्टाची इस्त्रीही न मोडता खेळायचा असतो. आणि आपण काय करतो? रविवारी सकाळी डोळे चोळत रेंजवर पोचतो, शंभर बॉलची बास्केट घेतो आणि ड्रायव्हरने धाडधाड हाणत सुटतो. शेजारचा बघतोय ना, हेही तिरक्या नजरेने तपासतो. निघताना पाच मिनिटं पटिंग ग्रीनवर, तीही मोबाइलवर बोलत बोलत.

स्कोअरकार्डला यातलं काही कळत नाही. अडीचशे यार्डांचा ड्राइव्ह म्हणजे एक फटका, आणि अडीच फुटांचा पट म्हणजेही एकच.

गोल्फ म्हणजे रिटायर्ड कर्नल आणि कंपन्यांचे चेअरमन, हा समज आता बराच मागे पडलाय. हल्ली ऑफसाइटच्या मेलमध्ये गोल्फ क्लिनिकही असतं, आणि क्लबची मेंबरशिप नसली तरी नवी मुंबईत सिडकोच्या खारघर व्हॅली कोर्सवर पैसे भरून खेळता येतं. माझी एक मैत्रीण बीकेसीतल्या बँकेत आहे. ती दोन वर्षांपूर्वी अशीच या नादाला लागली. ड्राइव्ह छान, आयर्न बरे, पण ग्रीनवर गेली की तीन-तीन पट. एका राउंडमध्ये असं सहा-सात वेळा व्हायचं. शेवटी तिने जाहीर केलं, ‘‘अगं, पटरच बदलते. ईएमआयवर मिळतोय.’’

किंमत? चाळीस हजार. मी पडले फ्रीलान्सर. चाळीस हजार ऐकलं की माझ्यातली पत्रकार आपोआप जागी होते. म्हटलं, आधी कुणाला तरी विचारू या.

कोचकडे गेलो. सरांनी तिचा पटर हातातही घेतला नाही. फक्त विचारलं, ‘‘चुकलेला पट कुठे जातो?’’

‘‘होलमध्ये जात नाही, सर!’’

‘‘ते दिसतंय. डावीकडे जातो की उजवीकडे? आखूड पडतो की पुढे जातो? आणि बॉल फेसवर नेमका कुठे लागतो?’’

मॅडम गप्प. गोल्फ खेळणाऱ्या ओळखीच्या पाच-सहा जणांना मी नंतर हेच विचारलं, तेही गप्प. प्रत्येकाला आपल्या ड्रायव्हरच्या शाफ्टचा फ्लेक्स तोंडपाठ, पण आपला पट चुकतो कसा हे कुणी पाहिलेलंच नाही. पटरचं वजन नि बॅलन्स बदलायची सगळी भानगड इथून सुरू होते. चूक माहीत नसेल, तर वजन लावणार कुठे?

तपासायला खर्च शून्य. ऑफिसातला व्हाइटबोर्ड मार्कर खिशात टाका. बॉलवर एक ओला ठिपका काढायचा आणि तो ठिपका फेसच्या बाजूला ठेवून पट मारायचा. फेसवर शाई उमटते तिथे बॉल लागला. पुसायचं, परत मारायचं. वीस फुटांवरून दहा आणि चार फुटांवरून दहा. किती आखूड, किती लांब, किती डावीकडे, सगळं कागदावर लिहायचं. कंटाळवाणं आहे, कबूल. पण अर्ध्या तासात तुमच्या पटिंगची कुंडली हातात येते.

फरक पडतो तो हातात

आता वजनाचं बघू. आजकालच्या बहुतेक पटरांचं नुसतं हेड साधारण ३५० ग्रॅमच्या घरात असतं. जुन्या, पातळ ब्लेडचं बरंच हलकं, तीनशेच्या आसपास. बॉल नियमाने जास्तीत जास्त ४५.९३ ग्रॅमचा. समजा, ३२० ग्रॅमच्या हेडला तुम्ही २० ग्रॅम जोडलेत. तर बॉल किती जोरात जाईल?

मला वाटलं होतं, चांगलाच. बारावीचं फिजिक्स आठवून कागदावर टक्कर सोडवली. हेडचा वेग तोच ठेवला, तर बॉलचा वेग एक टक्कासुद्धा वाढत नाही! पाऊण टक्क्याच्या आसपास, बस्स. मग कंपन्या वजनावरून एवढा गाजावाजा का करतात?

कारण बॉलला ते २० ग्रॅम कळत नाहीत, पण हाताला कळतात. पटर म्हणजे जवळपास तीन फुटांची काठी आणि तिच्या टोकाला वजन. क्लब दुरुस्त करणारे ज्याला स्विंगवेट म्हणतात, त्या हिशोबात हेडला दोन ग्रॅम जोडले की एक पॉइंट वाढतो. वीस ग्रॅम म्हणजे दहा पॉइंट. डोळे मिटून हलवलात तरी वेगळा पटर वाटेल. घरात पाटा-वरवंटा पाहिला असेल तर लगेच समजेल. हलका वरवंटा हाताने ढकलावा लागतो, जड वरवंटा स्वतःच्या लयीत चालतो, आपण फक्त सोबत जायचं. हलक्या पटरने मनगटं घाई करतात, बॉलला टोचा मारतात. एकदा आखूड, एकदा लांब. हेडचं वजन जाणवलं की मागे नेताना आणि पुढे आणताना लय सापडते.

उलटंही होतं बरं का. फार जड झाला की हात थकतात, दहा-बारा होलनंतर पटर ओढल्यासारखा वाटतो आणि लांबच्या पटांचा अंदाज जातो. सचिनची बॅट जड होती म्हणून गल्लीतल्या प्रत्येकाने जड बॅट घेतली होती, आठवतंय? त्यातल्या किती जणांना ती पेलली?

साखर आणि आइस्क्रीमच्या काड्या

वजन किती, याच्याइतकंच ते कुठे आहे हेही महत्त्वाचं. ही गोष्ट जगाच्या डोक्यात घातली कार्स्टन सोल्हाइम नावाच्या इंजिनिअरने. हा जनरल इलेक्ट्रिक कंपनीत नोकरीला. चाळिशी ओलांडल्यावर सहकाऱ्यांच्या नादाने गोल्फला लागला आणि आपल्यासारखाच पटिंगने हैराण झाला. फरक इतकाच, की त्याने पटर बदलला नाही, पटर म्हणजे काय यावर विचार केला. साखरेचे क्यूब आणि आइस्क्रीमच्या काड्या घेऊन त्याने मॉडेल बनवलं. वजन मधोमध न ठेवता दोन टोकांना, हील आणि टोला ठेवलं तर? मग बॉल मध्यापासून सरकून लागला तरी फेस कमी वळतो. दोरीवरून चालणारी मुलगी हातात लांब आडवी काठी का धरते? तेच.

१९५९ साली कॅलिफोर्नियात, रेडवुड सिटीतल्या आपल्या गॅरेजमध्ये त्याने असा पटर बनवला. बॉल लागला की ‘पिंग’ असा आवाज यायचा, म्हणून कंपनीचं नाव पिंग. १९६६ मध्ये त्याचा अजरामर मॉडेल आला, अ‍ॅन्सर. पहिलं डिझाइन त्याने ७८ आरपीएम रेकॉर्डच्या कव्हरवर रेखाटलं होतं. ‘आन्सर’चं इंग्रजी स्पेलिंग पटरवर मावेना, तेव्हा बायकोने, लुईसने सुचवलं, त्यातला डब्ल्यू काढून टाक! आजही दुकानात गेलात तर भिंतीवरचे निम्मे ब्लेड पटर त्याचे नातेवाईक वाटतात.

बॅलन्सची दुसरी बाजू समजायला एक बोट पुरतं. पटरचा शाफ्ट आडवा धरून बोटावर तोला. फेस वर आभाळाकडे बघत असेल तर पटर फेस-बॅलन्स्ड. टो खाली लोंबत असेल तर टो-हँग. ज्यांचा हात सरळ मागे, सरळ पुढे जातो त्यांना साधारणपणे पहिला जमतो. ज्यांचा हात दारासारखा, किंचित गोलाईत फिरतो त्यांना दुसरा. हे ‘साधारणपणे’ जरा ठळक वाचा, कारण दोन कोचना विचारलंत तर तीन मतं मिळतील.

याच हिशोबाने वजनाची जागा ठरते. पट सारखे डावीकडे ओढले जात असतील (उजव्या हाताने खेळणाऱ्यांबद्दल बोलतेय), तर फेस लवकर बंद होतोय. टोकडे थोडं वजन वाढवलं की तो जरा सावकाश बंद होतो. उजवीकडे निसटत असतील, तर हीलकडे. अंदाजच चुकत असेल, तर दोन्हीकडे सारखं. आणि मनगटंच फार वळवळत असतील, तर वजन खाली नाही, वर! ग्रिपच्या टोकात. त्याला काउंटरबॅलन्स म्हणतात. माझ्या मैत्रिणीची केस हीच निघाली. क्लब दुरुस्त करणाऱ्या काकांनी ग्रिपच्या वरच्या भोकातून छोटं वजन बसवून दिलं. ईएमआय सध्या स्थगित आहे.

सोमवारचा खेळाडू

खरी गंमत मला तिच्या पटरने नाही, एका कॅडीच्या पटरने दाखवली. मुंबईतल्या एका जुन्या क्लबात सोमवारी मेंबर नसतात, कॅडी खेळतात. हा मुलगा चोविसाव्या वर्षात. शाळा सुटली तेव्हापासून बॅगा उचलतोय. आठवड्यातले सहा दिवस साहेबांचे पट वाचायचे, ‘‘सर, एक कप उजवीकडे, जरा सोडून मारा,’’ आणि सातव्या दिवशी स्वतःचे.

‘‘मॅडम, ड्राइव्ह माझा बऱ्याच मेंबरांच्या पुढे जातो,’’ तो म्हणाला. फुशारकी नव्हती, मी पाहिलं होतं. ‘‘लाइन पण दिसते. पण पटर हातात घेतला ना, की कायतरी होतं.’’

त्याचा पटर म्हणजे एका मेंबरने कधीकाळी दिलेलं पातळ ब्लेड. ग्रिप नवी, पण डोकं पिसासारखं हलकं आणि सगळं वजन मधोमध. दिवाळीनंतर क्लबात कॅडींची स्पर्धा होती आणि या वेळी काही मेंबरांनी मिळून ठरवलं होतं, की पहिल्या तिघांची क्यू स्कूलची फी ते भरतील. क्यू स्कूल म्हणजे भारताच्या प्रो टूरवर, पीजीटीआयवर शिरण्याची परीक्षा. ती फी त्याच्या खिशातून निघणं शक्य नव्हतं. एस. एस. पी. चौरासियाची गोष्ट त्याला पाठ होती. कोलकात्याच्या रॉयल कलकत्ता क्लबमधल्या ग्रीनकीपरचा मुलगा, २००८ मध्ये दिल्लीत इंडियन मास्टर्स जिंकला आणि पुढे २०१६, २०१७ अशी लागोपाठ दोन वर्षं इंडियन ओपनही. लांब मारणाऱ्यांतला तो कधीच नव्हता. चिप आणि पटवर जगला, म्हणून लोकांनी त्याला ‘चिप-पट-सिया’ करून टाकलं. ‘‘माझं उलटं आहे,’’ हा म्हणाला. ‘‘मी नुसता ड्रायव्हर.’’

मार्करची टेस्ट केली. शाई फेसभर, कुठेही. लांबचे पट आखूड तरी नाही तर पार पुढे. चार फुटांचे दहांतले चार डावीकडे. हलक्या पटरची सगळी लक्षणं एकाच माणसात.

सरांनी लेड टेप सुचवली. शिशाची पातळ, चिकट पट्टी. अर्धा इंच रुंदीची असली तर साधारण चार इंचाला दोन ग्रॅम भरते. पण किती लावायची, ते आधी कसं कळणार? इथे कॅडीचं डोकं चाललं. त्याचा भाऊ टायरच्या दुकानात आहे. गाडीच्या चाकाचं बॅलन्सिंग करताना रिमला चिकटवतात ना, ती पाच आणि दहा ग्रॅमची छोटी चौकोनी वजनं, ती मूठभर घेऊन आला. पटरच्या मागे चिकटवायची, वीस पट मारायचे, काढायची, दुसरीकडे लावायची. प्रयोगाला याहून सोपं काही मी पाहिलेलं नाही. (एक सूचना: शिसं विषारी असतं. हात धुतल्याशिवाय वडापावला हात लावायचा नाही. मी दोघांनाही दटावलं.)

आम्ही चार सोमवार घालवले. दहा ग्रॅमने काही कळलं नाही. तीसने लांबचे पट सुटले, त्याचे हात जड पडायला लागले. वीसवर गाडी रुळावर आली. बारा टोला, आठ हीलला. एका वेळी एकच बदल, हा सरांचा कडक नियम. वजन बदललं त्याच दिवशी ग्रिपही बदलली, तर सुधारणा कशामुळे झाली हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. आणि एका सेशनवर निकाल लावायचा नाही. नवं काहीही पहिल्या दिवशी भारी वाटतं, नव्या फोनसारखं.

टायरची वजनं स्पर्धेत नको, हेही सरांनी बजावलं. वजनासाठी लेड टेप लावायला गोल्फच्या नियमांत मुभा आहे, असले ठोकळे म्हणजे विनाकारण वाद. त्यापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे टेप लावायची ती राउंड सुरू होण्याआधी. मध्येच वाटलं, आज ग्रीन स्लो आहे, दोन ग्रॅम वाढवू, आणि तसं करून एक जरी फटका मारला, तरी थेट बाद! मैत्रीण म्हणाली, ‘‘अप्रेझलपेक्षा कडक आहे हे.’’

मोठ्यांच्या घरीही हेच

टीव्हीवरच्या बड्या खेळाडूंचं पटिंग दैवी असतं असं वाटत असेल, तर स्कॉटी शेफलर आठवा. बॉल होलजवळ आणण्यात त्याच्यासारखा दुसरा नाही, पण पटने त्याला छळलं होतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये खुद्द रोरी मॅकिलरॉय टीव्हीवर बोलून गेला, की स्कॉटीने मॅलेट वापरून बघावा. मॅलेट म्हणजे मोठ्या डोक्याचा, वजन कडेला आणि मागे पसरलेला पटर. पुढच्याच महिन्यात शेफलर मॅलेट घेऊन उतरला आणि अरनॉल्ड पामर इन्व्हिटेशनल जिंकला. लगेच प्लेयर्स, आणि एप्रिलमध्ये मास्टर्स.

सध्याची फॅशन आहे झिरो टॉर्क. यात तोल असा साधतात, की पटर हातात आपणहून वळतच नाही. लुकस ग्लोव्हर छोट्या पटांच्या भीतीने वर्षानुवर्षं त्रासला होता. २०२३ मध्ये असा लांब पटर घेतला आणि लागोपाठ दोन स्पर्धा जिंकला. २०२५ च्या यूएस ओपनमध्ये ओकमाँटच्या शेवटच्या ग्रीनवर जे. जे. स्पॉनने ६४ फुटांचा पट घातला, तोही याच जातीच्या पटरने. दुसऱ्या दिवसापासून दुकानदारांची दिवाळी झाली असणार.

माझं मत विचाराल तर हे पटर खोटे नाहीत, पण ६४ फुटांचा पट पटरने घातला असं मानणारा माणूस चाळीस हजारांना सहज कापला जातो. आपली अदिती अशोक बघा. टोकियो ऑलिम्पिक झालं २०२१ मध्ये. तिचे ड्राइव्ह बाकीच्यांच्या कितीतरी मागे पडायचे आणि ग्रीनवर ती सगळी उसनवारी फेडून टाकायची. चौथी आली, एका फटक्याने पदक हुकलं. पहाटे चारला उठून ज्यांनी गोल्फचा ‘ग’ माहीत नसताना ते पाहिलं, त्यांनाही पट म्हणजे काय हे त्या दिवशी कळलं.

कॅडींची स्पर्धा झाली तेव्हा मी दोरीबाहेर होते. खरं तर दोरी नव्हतीच, पंधरा-वीस कॅडी, दोन मेंबर आणि मी. पाटीपाशी उभं राहून त्याचे पट मोजले. एकतीस. मागच्या वर्षी याच स्पर्धेत अडतीस झाले होते, हा आकडा त्यानेच सांगितला. तीन पट फक्त एकदा, सातव्या होलला, आणि तिथे ग्रीनवर उतार असा, की कुणाचेही झाले असते. दुसरा आला. फी मिळाली.

परवा भेटला तर बॅग उतरवून मला पटर दाखवायला लागला. टेपच्या दहापैकी दोन पट्ट्या गायब. विचारलं तर म्हणाला, ‘‘क्यू स्कूलची ग्रीन्स फास्ट असतात म्हणे. सर सांगतात जड बरा, आमचे सीनियर सांगतात हलका बरा.’’ या वादात खरंच दोन पंथ आहेत, आणि दोघांकडेही जिंकलेले लोक आहेत. ‘‘मग चार ग्रॅम काढून बघतोय. नाही जमलं तर परत लावीन.’’ काढलेल्या पट्ट्या त्याने एका मेंबरच्या व्हिजिटिंग कार्डवर चिकटवून पाकिटात ठेवल्यात.